खुनी कोण करायचा?

उद्धवराव पिंपरीच्या एका कारखान्यात कारकून होते, पण स्वतःला साहित्यिक समजत. विलायतेला परत निघालेल्या साहेबाकडून त्यांना एक इंग्रजी कादंबरी फुकट मिळाली आणि त्यांनी लगेच तिचं मराठी रूपांतर करायला घेतलं. समुद्रकाठच्या लहानशा गावात एका श्रीमंत विधवेचा खून होतो, अशी ती गोष्ट. उद्धवरावांनी समुद्राच्या जागी पवना घातली आणि गावाच्या जागी चिंचवड. जे इंग्रजी कळलं नाही ते गाळलं. कादंबरी निम्मी उरली. याला ते आटोपशीरपणा म्हणत.

विधवा शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. ज्यांच्या घरी ते भाड्याने राहत, त्या सुभद्राबाईच त्यांनी पानाच्या डब्यासकट कादंबरीत घातल्या. रोज संध्याकाळी ओट्यावर गाव जमवून वाचन होई. सुभद्राबाई आपला खून सुपारी कातरत ऐकत.

मूळ पुस्तकात डॉक्टर औषधातून विष देतो. चिंचवडात औषध देणारा एकच, कोंडाजी कंपाउंडर. दुसऱ्याच दिवशी तो धावत आला.

"राव, दवाखान्यात आज कुत्रं फिरकलं न्हाई! अंबुबाई म्हनती, आधी तू पी, मग मी पिते."

"अहो, ही कला आहे."

"असंल. पन उद्या तुमाला खोकला झाला तर औषध मीच देनार हाय."

उद्धवरावांची कलानिष्ठा तिथंच संपली. त्यांनी विष दुधात कालवलं आणि बन्सी गवळ्याला खुनी केलं. बन्सीच्या दुधातलं पाणी वर्षानुवर्षं बिनतक्रार पिणाऱ्या चिंचवडकरांनी सकाळी त्याला दारातूनच परत पाठवलं. तो काठी घेऊनच आला.

"माझ्या म्हशीचं दूध वाईट?"

"म्हशीचा काही दोष नाही रे. खुनी तू आहेस."

"मला खुनी म्हना, चालंल. पन दुधाचं नाव काढायचं न्हाई!"

आता गावात ज्याला कुणी नाही आणि जो काठी घेऊन येणार नाही, असा खुनी हवा होता. उद्धवरावांना तो सापडला. बाहेरगावचा भाडेकरू! संध्याकाळी त्यांनी मोठ्या दिमाखात वाचलं, की भाडेकरूनं बाईच्या विड्यात विष घातलं.

"ह्ये पटलं," कोंडाजी म्हणाला. बन्सीनं मान डोलावली.

सुभद्राबाईंनी तोंडातलं पान थुंकलं. "उद्या खोली मोकळी करा."

"अहो बाई, गोष्ट आहे ही!"

"व्हय, ठावं हाय. कोंडाजीनं मारलं, बन्सीनं मारलं, तवा मी बोलले का? त्ये पुस्तकातलं व्हतं न्हाईतर भीतीपायी बदललेलं. ह्ये मातूर तुमचं तुमाला सुचलं."

दुसऱ्या दिवशी उद्धवरावांची ट्रंक कोंडाजी आणि बन्सी यांनी आपण होऊन पिंपरीला पोचवली. तिथल्या नव्या घरमालकानं विचारलं, "आधीची खोली का सोडली?"

"साहित्यामुळे," उद्धवराव छाती काढून म्हणाले.

मालकानं ट्रंकेकडे पाहिलं. "मग हितं न्हाई जमायचं. खोली बारकी हाय. जास्तीचं साहित्य भाईर टाकावं लागंल."