अधिकृत एकटा

एकट्याने अल्बम काढणं हा गुन्हा नाही. फक्त तो एकट्याने काढला आहे, हे एकट्याने सांगून चालत नाही.

आमच्या गायकाला हा नियम ठाऊक नव्हता. बिचाऱ्याने घरातल्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवून गिटार स्वतः वाजवली, रॅप स्वतः लिहिलं, रॉकला लागणारा आरडाओरडाही स्वतःच केला. ड्रम तेवढे नव्हते. ती उणीव आईच्या शिलाई मशीनने भरून काढली. आई लोकांचे पडदे शिवायची आणि हा तो खडखडाट टिपून त्यावर यमकं जुळवायचा. अख्खा अल्बम त्या खडखडाटावर उभा होता.

"माझं मशीन लोक ऐकणार?" आईने विचारलं.

"सगळं जग ऐकेल, आई."

तेव्हापासून ती मशीनला जरा जास्तच तेल घालू लागली.

घोडं अडलं ते स्वतंत्र कलावंत संघात. संघाच्या शिक्क्याशिवाय गाण्यांच्या ॲपवर 'स्वतंत्र' विभागात जागा मिळत नसे. कार्यवाह चष्मा पुसत म्हणाले, "स्वतंत्र म्हणजे कोणापासून?"

"कोणापासून असं नाही. मी एकटाच आहे."

"मग तो एकटेपणा झाला. कुठल्या कंपनीने तुम्हाला रीतसर नाकारलंय का?"

"मी कोणाकडे गेलोच नाही हो."

"म्हणजे लग्नाआधीच घटस्फोट मागताय. नकार घेऊन या, शिक्का तयार आहे."

तो एका बड्या कंपनीत नकार मागायला गेला. मॅनेजरबाईंनी पाणी दिलं, सगळं आस्थेने ऐकून घेतलं आणि हळहळल्या. "नकार आम्ही फक्त आमच्याच कलाकारांना देऊ शकतो. आधी करार करा, मग लगेच काढून टाकते."

करार झाला. पण काम करून न घेता माणूस काढायचा, तर वरिष्ठांना कारण काय सांगायचं? म्हणून अल्बम सुधारणा विभागाकडे गेला. गायकाचा आवाज पुरेसा बंडखोर नव्हता, त्यामुळे एक पगारी बंडखोर नेमण्यात आला. तो जेवणाची सुट्टी सोडून ठरल्या वेळेत संताप व्यक्त करी. गिटार बदलली. मशीनचा खडखडाट 'तांत्रिक बिघाड' म्हणून काढला आणि घरगुती वाटेल असा नवा ताल बाहेरून मागवला. कलाकाराचं एकाकीपण श्रोत्यांपर्यंत नीट पोचावं, यासाठी एकटेपणा कक्ष स्थापन झाला. त्याच्या बैठकीला खुर्च्या पुरत नसत.

"आता तरी काढता ना मला?" गायकाने हात जोडले.

"काढलंच की," मॅनेजरबाई म्हणाल्या. "अल्बममध्ये तुम्ही आता कुठेच नाही आहात."

नकार हातात पडला. संघाने त्याच दुपारी शिक्का मारला आणि कार्यवाहांनी पाठ थोपटली. मुखपृष्ठावर गायकाचा फोटो होता, पाठमोरा.

अल्बम आला त्या दिवशी आईने पडदा बाजूला ठेवला आणि फोन कानाशी धरला.

"छान आहे हो. पण हा ओरडतोय कोण?"

"तो तिथे नोकरीला आहे."

"आणि माझं मशीन?"

गायकाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात गाणं संपलं. दोन गाण्यांच्या मधली शांतता सुधारायला कंपनीत विभागच नव्हता. ती मागच्या खोलीतली, जशीच्या तशी राहिली होती. तिच्यात लांबून, बारीक, खडखड ऐकू आली.

"अगं बाई! हे माझंच!" आईचे डोळे भरून आले. लगेच पुढचं गाणं सुरू झालं.

अल्बम तुफान चालला. तुम्हीही ऐकलात. 'किती अस्सल! एकट्याने केलंय म्हणे!' असं लिहून चार जणांना पाठवलातसुद्धा. फक्त गाणं संपत आलं की तुमचा अंगठा लगेच पुढच्या गाण्यावर पडतो. ॲप गायकाला ते रोज दाखवतं.

आई अजून संध्याकाळी मशीनवर झाकण घालताना विचारते, "आज ऐकलं का रे कोणी?"

तो "हो" म्हणतो. तुमची अब्रू राखायला दुसरं काय म्हणणार?