दुसऱ्याच्या पायाचा दिवा

कुंभोजच्या आदगोंडा मगदुमांनी आपल्या व्हॅनचा ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा परतवाड्याच्या चित्रा ढोले यांच्या व्हॅनला लागायचा, आणि चित्राताईंनी दाबला की आदगोंडांच्या.

हे कळायला चार महिने गेले. व्हॅन एकोणीस वर्षांची. दिवा गॅरेजमध्ये कधीमधी लागायचा, रस्त्यावर हमखास दगा द्यायचा. शब्बीर मुल्लाणी या वायरमनने आधी बल्ब बदलले, मग फ्यूज, मग पायडलमागचा स्विच. शेवटी एका सकाळी, अंगणात उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीचे दोन्ही दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. किल्ली घरात खुंटीवर होती. शब्बीर मागच्या बंपरपाशी उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला.

"दादा, वायरिंग ठीक हाय," तो म्हणाला. "दिवा पायाचंच ऐकतोय. फक्त पाय तुमचा न्हाई."

गाड्यांच्या नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने रजिस्टर काढलं, चासी नंबरावरून दिव्यांची अदलाबदल कोणत्या गाडीशी झालीय ते शोधलं आणि चित्राताईंचा फोन नंबर लिहून दिला. दिवे आपापल्या गाडीला परत मिळतील का, असं आदगोंडांनी विचारलं.

"पहिल्या दहा वर्षांत अर्ज करायचा असतो," कारकून म्हणाला.

मग दोन्ही घरांनी आपसात ठरवलं. चित्राताई निघताना फोन करायच्या. आदगोंडा अंगणातल्या गाडीत बसायचे, त्यांची बायको राजमती गाडीमागे स्टूल टाकून भाजी निवडत बसायची. दिवा लागला की ती "लागला" म्हणायची, आदगोंडा पाय दाबायचे. ती "गेला" म्हणाली की सोडायचे. आदगोंडांना कुठे जायचं असलं की परतवाड्याला चित्राताई आणि त्यांच्या सासूबाई तसंच बसायच्या. दोन्ही गाड्या एका वेळी बाहेर काढायच्या नाहीत, एवढाच नियम होता.

श्रावणातल्या एका दुपारी बाराच्या सुमारास फोन आला.

"भाऊ, चिखलदऱ्याहून निघून राह्यली मी. सासूबाई संगं हायेत. घाटात धुकं भलतंच हाये, समोरचं काही दिसत नाही. बसता ना?"

"बसतो. सावकाश या."

पहिला अर्धा तास नेहमीसारखा गेला. लागला, गेला. लागला, गेला. वळणं किती जवळजवळ आहेत, ते आदगोंडांना पायात कळत होतं. मग राजमती म्हणाली, "लागला," आणि पुढे काही बोलली नाही.

आदगोंडा थांबले. एक मिनिट झालं.

"गेला का?"

"न्हाई. लागल्यालाच हाय."

पाच मिनिटं झाली. घाटात एवढा वेळ कोणी ब्रेक दाबून धरत नाही. त्यांनी डाव्या हाताने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. गाडी थांबली असेल, तर फोन का उचलत नाहीत? थांबली नसेल आणि ब्रेक धरतच नसेल, तरी दिवा असाच लागलेला राहील. दिव्यावरून फक्त पाय कळत होता, गाडीचं काही कळत नव्हतं.

"राजमती, मंद झालाय का?"

"न्हाई झाला. अवो, सारखं इचारू नका, मला भ्या वाटतंय."

तिच्या मांडीवरची मेथी तशीच होती. पंचवीस मिनिटं झाली. आदगोंडांच्या पोटरीत गोळा आला. त्यांनी दात आवळले. एवढा वेळ दिवा जावा म्हणून ते वाट बघत होते. आता राजमतीच्या तोंडून "गेला" ऐकू येईल, याचीच त्यांना धडकी भरली.

फोन वाजला.

"भाऊ, पाय काढू नका!" चित्राताईंचा आवाज लांबून येत होता; फोन सासूबाईंनी त्यांच्या कानाशी धरला असावा. "गाडी उतारावरच बंद पडली. हँडब्रेक धरत नाही. फोन सीटखाली पडला होता, आत्ता सापडला. मागून टँकर आला, हातभरावर थांबला. लाल दिवा दिसला म्हणते ड्रायव्हर."

"मी धरलाय. तुम्ही काय करताय?"

"टँकरवाले चाकाखाली दगड लावून राह्यले."

फोनवर दगडाचा आवाज आला, मग कोणीतरी ओरडलं.

"लावले, भाऊ. मी काढते पाय."

"थांबा—"

"गेला," मागून राजमती म्हणाली.

आदगोंडांनी आपला पाय तसाच दाबून ठेवला. फोनमधून पावसाची झिरमिर तेवढी ऐकू येत होती.

"हालली नाही," चित्राताई म्हणाल्या. त्या रडत होत्या. "काढा तुम्ही आता."

पाय निघेना. आदगोंडांनी दोन्ही हातांनी मांडी धरून तो उचलला आणि बाजूला ठेवला. तिकडे टँकरवाल्याने दिवा विझल्याचं ओरडून सांगितलं.

"उद्या तुम्हाला कुठं जायचं हाये?" जरा वेळाने चित्राताईंनी विचारलं.

"इचलकरंजीला. दहा वाजता."

"बरं. गाडी गॅरेजात असली, तरी तिथं जाऊन बसतो आम्ही."