पंड्लु प्रकरण

"अय्य पंड्लु पोतुन्नै," भांडी घासता घासता गंगू माझ्या कानाशी कुरकुरली.

मी "हळू" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. दाराआड अय्य, म्हणजे आमचे हे, उभे होते. केशवराव. दिवसा दफ्तरात कारकून आणि उरलेल्या वेळात, त्यांच्याच शब्दांत, "हिमायतनगरचा गरुडनेत्र". दारावरच्या पाटीवर आधी 'जासूस-ए-आजम' होतं. संस्थान विलीन झालं तसं ते खरवडून 'महागुप्तहेर' केलं. स्वातंत्र्य आमच्या घरापर्यंत आलं ते एवढंच.

"ऐकलंस, पद्मावती? माझी फळं जातायत! झाडावरचे जाम चोरीला!" पेरूला आमच्याकडे जाम म्हणतात आणि तेलुगूत पंड्लु म्हणजे फळं. त्यांचं तेलुगू तिथंच संपत होतं.

झाडाखाली एक अर्धवट चावलेला जाम सापडला. पांढऱ्या गरावर लाल रेघ.

"रक्त! आणि मध्ये ही फट बघ. गुन्हेगाराचा पुढचा एक दात नाही. म्हणजे पोपट!"

"पोपटाला एकही दात नसतो."

"तर मग एकनाथराव!"

शेजारचे एकनाथराव मास्तर, यांचे वीस वर्षांचे बुद्धिबळातले सोबती. त्यांचा पुढचा दात खरंच पडलेला.

"राज्यं विलीन होतायत ना, यानं माझं झाड विलीन केलं! शिवाय माझ्याशी बोलताना उपरणं नाकावर धरतो. चेहरा लपवतो!"

उपरणं दूधवालाही धरायचा. मला तर आठ महिने सर्दीच होती.

हे टोपी घालून चौकीला निघाले. एकदा का चौकीत नाव गेलं, की पट कायमचा उठला.

एकनाथराव कुंपणापलीकडून म्हणाले, "हौ, न्या ना चौकीला! पण मी जाम कायकू चोरू? मला केळंसुद्धा कुस्करून लागतं!"

गंगूनं हात पुसले, एक जाम तोडला आणि यांच्यापुढे धरला. "अय्य, चावा."

"मी? तपास अधिकारी?"

"चावा म्हन्ते ना."

त्यांनी पुढच्या दातांनी, जपून चावा घेतला. गंगूनं दोन्ही जाम शेजारी ठेवले. तीच फट. तीच लाल रेघ. झाडाखालचा जामही यांनीच अर्धा खाऊन टाकलेला.

मग तिनं कोनाड्यातला मंजनाचा डबा आणला. पोलीस ॲक्शनच्या आधी आणलेला, अजून काठोकाठ. मी आणि गंगू कडुलिंबाच्या काडीवाल्या. हे नुसती गुळणी करून म्हणायचे, वाघ कुठं दात घासतो?

"अहो," मी म्हटलं, "गंगूच्या तेलुगूत फळंही पंड्लु आणि दातही पंड्लुच."

त्यांचा हात तोंडावर गेला. हल्ली हसतानाही जायचा. पूर्वी बुद्धिबळात जिंकले की गल्लीला ऐकू जाईल असं हसायचे, ते हसणं मी किती दिवसांत ऐकलं नव्हतं.

"म्हणजे तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं? मग कुणी बोललं का नाही?"

एकनाथराव आभाळाकडे बघू लागले. गंगूला अचानक भांडी आठवली. मी यांच्या तळहातावर चिमूटभर मंजन ठेवलं आणि आठ महिन्यांनी नाकावरचा पदर खाली घेतला.

"तुमचे दात हलतायत हो. हिरड्यांतून रक्त येतं. आणि तोंडाला वास येतो."