श्वीगरमुटरसाठी गिफ्ट

पालकसभेत आपण तोंड उघडायचं नाही, एवढं पथ्य मी पाळलं असतं तर पुढचं रामायण घडलंच नसतं. एरवी मी सभेत शेवटच्या रांगेत खिडकीशेजारी बसतो. पाणीपुरवठा खात्यात तक्रारी ऐकून घ्यायला बसवलेला कारकून मी. मन लावून ऐकतोय असा चेहरा ठेवून छोटीशी डुलकी काढणं मला चांगलं जमतं. (खात्यात मला याबद्दल मान आहे.) पण त्या दिवशी मुख्याध्यापिका म्हणाल्या, "यंदा पहिलीपासूनच मुलांना दुसरी भाषा शिकवायचा विचार आहे. जर्मन." आणि मी ताडकन जागा झालो.

कारण जर्मन ही आमची घरगुती मालमत्ता होती.

बायकोची आणि माझी ओळख झाली तीच मुळी जर्मनच्या संध्याकाळच्या वर्गात. टायरच्या दुकानावर एक खोली होती, तिथे. ऑफिस कधीतरी आपल्याला परदेशी पाठवेल अशा समजुतीने मी गेलो होतो, आणि घरी बसून कंटाळा येतो म्हणून ती आली होती. पहिली पायरी कशीबशी संपली, आमचं लग्न ठरलं आणि दोघांनीही शिक्षण सोडलं. ऑफिसने मला अजून पलीकडच्या इमारतीतही पाठवलेलं नाही. पण हाताशी उरलेल्या जर्मन शब्दांवर आम्ही संसार थाटला. शब्द जर्मन, व्याकरण मराठी आणि उरलेलं हातवारे. मुलगी झाल्यावर या भाषेला खरे दिवस आले. भिंगरीला (आमच्या मुलीला आम्ही भिंगरीच म्हणतो, कारण ती जागेवर थांबत नाही) न कळता दाताच्या डॉक्टरची वेळ घ्यायची असो, फ्रिजमधलं आइस्क्रीम ती झोपल्यावर संपवायचं असो, सगळे कट जर्मनमध्ये शिजायचे. शिवाय सासूबाई आमच्याकडेच राहतात. म्हणजे गुप्त भाषेची गरज दुप्पट.

आता तीच भाषा शाळा भिंगरीला शिकवणार! मी हात वर केला.

"मॅडम, माझा विरोध आहे," मी उभा राहून म्हणालो. खरं कारण सांगता येत नव्हतं, म्हणून तोंडाला येईल ते बोलत सुटलो. "कोवळा मेंदू असतो हो! अजून आपल्या भाषेतला 'ळ' नीट येत नाही यांना. त्यात दुसरी भाषा कोंबली की दोन्हींची खिचडी होणार. मूल ना इकडचं राहणार, ना तिकडचं. भाषा शिकायची तर मोठेपणी, समज आल्यावर, पक्की शिकावी. आता मीच बघा ना..."

"तुम्हाला येते जर्मन?" पुढच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं.

"हो, म्हणजे... घरच्यापुरती."

"मग मुलीची सोयच झाली की," त्या म्हणाल्या, आणि सभागृहात हशा पिकला. मुख्याध्यापिकांनी हात वर करायला सांगितलं. विरोधात एकच हात वर गेला. बाजूने वर गेलेल्या हातांत माझ्या शेजारचाही एक होता. तो सासूबाईंचा होता. (बायको औषधांच्या दुकानात कामाला असते, तिला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून त्या आल्या होत्या.)

"लहानपणी जिभेला हाड नसतं, जावईबापू," घरी येताना त्या म्हणाल्या. "वळवाल तशी वळते. मोठेपणी मग तुमच्यासारखं होतं."

माझ्यासारखं म्हणजे कसं, ते मी विचारलं नाही.

जर्मन सुरू झालं. पहिले काही दिवस मी घाबरून असायचो. मग एकदा चाचणी घ्यावी म्हणून भिंगरीला विचारलं, "मांजराला काय म्हणतात गं?"

"काट्सं."

"आणि निळ्याला?"

"ब्लाउ. बाबा, तू म्हणतोस तसं ब्लाव नाही, ब्लाउ."

मला हायसं वाटलं. मांजरं आणि रंग! आमचे कट कसे वरच्या दर्जाचे असायचे. मी बायकोला म्हटलं, "काही काळजी नाही. आपल्यापर्यंत पोचायला हिला दहावी उजाडेल." आणि आमचा कारभार पुन्हा सुरू झाला. भिंगरीचा अभ्यास सासूबाई घ्यायच्या. त्या दोघी तासन्‌तास पुस्तकात डोकं घालून बसायच्या, आणि तेवढा वेळ आम्हाला घर मोकळं मिळायचं, म्हणून आम्ही खूश.

त्या महिन्यात सासूबाईंचा वाढदिवस आला. त्यांचे पाय कायम गार असतात. मोज्यावर मोजे चढवून बसतात बिचाऱ्या. म्हणून मी पाय शेकायचं एक विजेवरचं यंत्र आणलं. मऊ बुटासारखं असतं, दोन्ही पाय आत घालून बसायचं. वाढदिवस रविवारी, तोवर पत्ता लागू द्यायचा नाही असं ठरवलं, आणि बुधवारी जेवताना बायकोच्या कानावर घातलं. समोर सासूबाई ताक पीत होत्या, भिंगरी भात चिवडत होती.

"झोनटाग," मी म्हणालो. म्हणजे रविवार. "श्वीगरमुटर." म्हणजे सासू. (हा शब्द कुजबुजताच येत नाही. कितीही हळू म्हटला तरी कुणीतरी जिन्यावरून ट्रंक ओढत नेल्यासारखा आवाज होतो.) "गिफ्ट!" (शब्द ओळखीचा वाटू नये म्हणून तो घशातून, जर्मन थाटात म्हटला.)

"ग्रोस?" बायकोने विचारलं. मोठं का?

"नाइन, क्लाइन. पण श्टार्क!" लहानच, पण जोरदार. "श्नेल!" लगेच काम करतं.

"वो?" कुठे आहे?

"श्रांक." कपाटात.

"गूट," बायको म्हणाली आणि आईकडे बघून गोड हसली. भिंगरीच्या हातातला चमचा खाली पडला. मुलं पाडतातच चमचे, त्यात काय!

गुरुवारी सकाळी मी चहाला बसलो, तर भिंगरीने सासूबाईंच्या पुढचा कप उचलला आणि माझ्यापुढे ठेवला.

"बाबा, हा तू पी."

"अगं, तो आजीचा आहे."

"तू आधी पी ना!"

मी दोन घोट घेतले. ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली.

"पोटात दुखतंय?"

"नाही."

"गरगरतंय?"

"नाही गं बाळा."

"मग दे," असं म्हणून तिने कप पुन्हा आजीपुढे सरकवला. मला इतकं भरून आलं! ऑफिसला निघता निघता मी बायकोला सांगितलं, "पोरीला माझ्या तब्येतीची किती काळजी आहे बघ. इतक्या वर्षांत तू नाही कधी विचारलंस, गरगरतंय का म्हणून."

संध्याकाळी घरी आलो तर कपाटाच्या दारावर काळ्या खडूने एक चेहरा काढलेला. मोठं टक्कल, मोठे डोळे आणि सगळे दात बाहेर. मला वाटलं, माझंच चित्र आहे. खाली दोन हाडं फुली मारल्यासारखी काढली होती, तो मी टाय समजलो. "वा! हुबेहूब!" म्हणून मी तिची पाठ थोपटली. ती रडत आजीच्या खोलीत पळाली. कलावंत हळवे असतात, असं म्हणून मी ते पुसूही दिलं नाही.

शुक्रवारी दुपारी शाळेतून फोन आला. "दोघांनी लगेच या."

मुख्याध्यापिकांच्या खोलीत त्या स्वतः आणि जर्मनच्या बाई अशा दोघी बसल्या होत्या. आमच्याकडे बघून कुणी हसलं नाही. पाणीही विचारलं नाही.

"घरी वयस्कर कोण आहे?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"माझ्या सासूबाई."

"संबंध कसे आहेत?"

"चारचौघांचे असतात तसे," मी म्हणालो. हे उत्तर चुकलं हे मला त्यांच्या भुवयांवरून कळलं.

"रविवारी त्यांच्या बाबतीत तुमचा काही बेत आहे?"

मी बायकोकडे पाहिलं. बेत फुटला होता म्हणायचा! "आहे," मी लाजत म्हणालो. "पण तोपर्यंत त्यांना कळता कामा नये हं. मजाच जाईल सगळी."

जर्मनच्या बाईंनी खुर्ची थोडी मागे घेतली.

"आणि ती वस्तू कपाटात आहे?"

"तुम्हाला इतकं सगळं कसं माहीत? हो, कपाटात आहे. वरच्या कप्प्यात, चादरींखाली."

"तुमच्या मिसेस औषधांच्या दुकानात असतात ना?"

"असतात, पण ही तिथली नाही. ही मी स्वतः शोधून आणली. एकदम छान काम करते! दोन मिनिटांत परिणाम. आधी पावलं गरम होतात, मग हळूहळू वर चढत जातं. म्हातारी माणसं बसल्या जागी शांत झोपतात म्हणे. त्रास अजिबात नाही!"

मुख्याध्यापिकांचा हात फोनकडे सरकला. माझं ठीक आहे, पण बायकोला माणसांचे चेहरे वाचता येतात. ती म्हणाली, "एक मिनिट. तुम्हाला नेमकं काय वाटतंय?"

जर्मनच्या बाई घसा खाकरून म्हणाल्या, "भिंगरीने आज वर्गात उभं राहून सांगितलं, पापा हाट गिफ्ट फ्युअर ओमा. वाक्य अगदी अचूक होतं, मी शाबासकीही दिली. मग त्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला, आणि रविवार, कपाट हे बाकीचं तिला विचारून काढलं."

"बाबांनी आजीसाठी गिफ्ट आणलंय," मी म्हणालो. "बरोबरच आहे की!"

"जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष."

मी हसलो. एकटाच.

"घरातल्या धोक्याच्या वस्तूंचा तक्ता आहे वर्गात," बाई म्हणाल्या. "कवटी, दोन हाडं, खाली लिहिलंय, गिफ्ट. हात लावू नका."

माझ्या डोळ्यांपुढे तो टाय आला.

"मग आपल्या गिफ्टला जर्मनमध्ये काय म्हणतात?"

"गेशेंक."

"हा शब्द आम्हाला शिकवलाच नव्हता!"

"शिकवला होता," बायको म्हणाली. "तू त्या दिवशी आला नव्हतास."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"मी विसरले ना! तू इतक्या खात्रीने गिफ्ट गिफ्ट म्हणायचास, की मला वाटलं असेलच."

म्हणजे लग्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला मी मोठ्या प्रेमाने बायकोच्या कानात सांगत आलो होतो, की प्रिये, तुझ्यासाठी विष आणलंय. आणि ही दरवेळी 'डांके शोन', म्हणजे खूप आभार, म्हणत होती.

पाय शेकायच्या यंत्राचा फोटो मोबाइलवर दाखवला, तेव्हा कुठे मुख्याध्यापिकांचा हात फोनवरून बाजूला झाला. "तुम्हीच ना ते?" त्या माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या. "भाषा मोठेपणी, समज आल्यावर, पक्की शिकावी असं म्हणणारे?" मी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

भिंगरी बाहेर बाकावर बसली होती. डोळे रडून लाल झालेले. मी तिच्याजवळ बसून सगळं समजावलं. विष नाही, पाय शेकायचं यंत्र आहे, बाबाचा शब्द चुकला.

"मग तू गेशेंक का नाही म्हणालास?"

"मला येत नव्हता तो शब्द."

"पण तू तर मोठा आहेस!" तिला ते खरंच पटेना. तीन दिवस ते एवढंसं पोर आजीला वाचवायला एकटं लढत होतं, आणि समोर शत्रू कोण, तर मी. मला गलबलून आलं. तिला मांडीवर घेतलं.

"पण मग आजीचा चहा मला का पाजलास गं? मला काही झालं असतं तर?"

तिने थोडा विचार केला. "तू जाडा आहेस ना. तुला थोडं चाललं असतं."

रविवारी सासूबाईंना यंत्र दिलं. "गेशेंक!" असं तिघांनी मिळून ओरडून दिलं. त्यांनी पाय आत घातले, बटण दाबलं, आणि खरोखरच दोन मिनिटांत त्यांचा चेहरा असा काही खुलला की मला माझाच अभिमान वाटला. मग हसत हसत बायकोने सगळी हकिगत सांगितली. मला वाटलं त्या हादरतील. त्या शांतपणे बटण एक घर पुढे सरकवत म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"बुधवारीच कळलं होतं. भिंगरीचा अभ्यास कोण घेतं? रविवार, सासू, विष, लहान पण जोरदार, कपाटात. सगळं कळलं. तुमचा उच्चार तेवढा सुधारायला हवा."

"अहो आई, मग बोलला का नाहीत?" मी ओरडलोच. "इतके दिवस आमच्या हातचा चहा पीत होतात! भीती नाही वाटली?"

"त्यात काय भ्यायचं?" सासूबाई पाय आणखी आत सरकवत म्हणाल्या. "विष आणणार तुम्ही. म्हणजे सेलमधलं, मुदत उलटून गेलेलंच असणार."

भिंगरी आणि बायको हसून हसून लोळल्या. मी यंत्राचं रिकामं खोकं हळूच पायाने खुर्चीखाली सरकवलं. यंत्र सेलमधलंच होतं.