टिपणिसांचा टूथफिश

“कुणाचा विश्वास बसणार नाही, पण दीड किलोमीटर खोल समुद्रातून मी माझ्या या दोन हातांनी टूथफिश ओढून काढलाय!”

गुणवंत टिपणिसांनी ही थाप दिल्लीतल्या ऑफिसच्या कँटीनमध्ये मारली, ती अर्थात हिंदीत आणि अर्धा समोसा हवेत धरून. मासळीचा कारभार बघणाऱ्या एका केंद्रीय खात्यात ते तीस वर्षं फाइली हलवत होते. थापाड्या माणसाची अपेक्षा तरी काय असते? समोरच्यानं एकदा “हट्, काहीतरीच!” म्हणावं. त्याशिवाय थापेला चव नाही. पण शेजारच्या टेबलावरच्या त्यागीजींनी चक्क हात जोडले.

“तुम्ही काय बाबा, महाराष्ट्राची माणसं. तुमच्याकडे पोरं पोहतच जन्माला येतात.”

आता टिपणीस जन्मले ते दिल्लीच्या हिंदूराव इस्पितळात आणि वाढले आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये. समुद्र त्यांनी पाहिला तो कॅलेंडरवर. बोट क्लबच्या पायडलच्या होडीत एकदा त्यांना अशी मळमळ सुटली होती, की काठावरच्या आइस्क्रीमवाल्यानं गाडी हलवली. पण दिल्लीकरांच्या लेखी मराठी माणूस एक तर घोड्यावर असतो, नाही तर होडीत. टिपणिसांचा घोडा पार्किंगमध्ये कधी दिसला नाही, म्हणून लोकांनी होडी धरली होती.

कँटीनमधली बातमी जिना चढून जॉइंट सेक्रेटरी देविका मॅडमपर्यंत गेली. मॅडम मराठी, पण सगळं आयुष्य दिल्लीत गेलेलं. मासा त्यांनी पाहिला होता तो लिंबाच्या फोडीसकट. खात्याचं एक जहाज दूर दक्षिणेच्या गारठलेल्या पाण्यात टूथफिश शोधायला निघणार होतं, आणि त्यावर पाठवायला त्यांना कुणी जाणकार सापडत नव्हता. त्यांनी टिपणिसांना बोलावलं. त्यागीजी मजा बघायला मागोमाग गेले.

“टिपणीसजी, मला या माशाचं सगळं सांगा. बिल्कुल डीटेलमध्ये.”

इथे टिपणिसांना काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, त्यांनी खरं सांगितलं. तीस वर्षांच्या फाइलींमधून तेवढं ज्ञान अंगाला चिकटलंच होतं.

“मॅडम, लहानपणी हा उथळ पाण्यात असतो. वय वाढेल तसा खाली खाली जातो. अंगावर चरबी चढते, हालचाल कमी होते, आणि समोर येईल ते गिळत पन्नास पन्नास वर्षं काढतो.”

“हा मासा आहे का आपला अकाउंट्स सेक्शन?” त्यागीजी म्हणाले.

“शिवाय बऱ्याच माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तशी याला नसते. नुसत्या चरबीच्या जोरावर हा पाण्यात अधांतरी राहतो.”

“चरबीवर?” मॅडमचा चेहरा पडला. “आणि पकडायचा कसा?”

“मैल मैल लांबीची दोरी. तिला हजारो गळ, प्रत्येक गळाला माकुलाचा, म्हणजे स्क्विडचा, तुकडा. दोरी तळाशी सोडायची, तासन् तास थांबायचं, मग यंत्रानं ओढायची. सोडताना जहाजामागे रंगीत झिरमिळ्या फडकवाव्या लागतात. नाही तर समुद्रपक्षी आमिषावर झडप घालतात आणि बिचारे तेच गळाला लागतात.”

“झिरमिळ्या!” त्यागीजी खो खो हसले. “माशाची वरात आहे का? इतना मत फेंको, यार.”

मॅडमनीही पेन खाली ठेवलं. “हे जरा ओढूनताणून वाटतंय, टिपणीसजी. पुस्तकी नको, स्वतःच्या अनुभवातलं सांगा.”

टिपणीस दुखावले. आयुष्यात एकदा खरं बोलायला जावं, तर ही गत! त्यांनी छाती पुढे काढली. “अनुभवाचं म्हणाल, तर गळाला साबुदाण्याची खिचडी लावायची. तुपातली. जिऱ्याच्या वासानं मासा वेडा होतो.”

“धिस इज प्रॅक्टिकल!” मॅडमनी पेन उचललं. त्यागीजींचा तर आ वासला तो मिटेना.

दुसऱ्या दिवशी टिपणिसांच्या टेबलावर दोन कागद आले. एक साबुदाण्याच्या टेंडरचा. दुसरा जहाजावर जाण्याच्या हुकमाचा.

जहाजावर गेलो तर खाल्लेलं पोटात राहणार नाही, आणि पोहता येत नसल्यामुळे कदाचित आपणही जहाजात राहणार नाही, एवढं टिपणिसांना पक्कं कळत होतं. सुटकेची वाट एकच होती. थाप इतकी फुगवायची, की शेवटी कुणीतरी ती फोडलीच पाहिजे.

“मॅडम, एक राहिलंच. हा मासा चतुर्थीला तोंड उघडत नाही.”

मॅडमनी सफरीच्या तारखा बदलल्या.

“गळाला लागला की वर येईपर्यंत सारखा शिंकतो.”

मॅडमनी पाण्याखालचा मायक्रोफोन मागवला.

“आणि मॅडम, मादी रुसली की नर तिच्यासाठी दगड घासून चकचकीत करतो.”

“सो स्वीट!” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी टिपणिसांना मोहिमेचा प्रमुख केलं.

घरी येऊन टिपणीस सोफ्यावर कोसळले. त्यांच्या पत्नी अरुणाबाई कोथिंबीर निवडत होत्या.

“अहो, मग सांगून टाका ना खरं.”

“माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?”

“सगळेच ठेवतायत की. तेच तर दुखणं आहे तुमचं.”

“अरुणा, तूच सांग मॅडमना. तुझं त्या ऐकतील. रविवारी जेवायला बोलावतो. मी कबूल करतो, तू फक्त हो म्हण.”

अरुणाबाई तयार झाल्या. नवऱ्याच्या थापा कानावर पडणं त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. टिपणीस नवी थाप बाहेर काढण्याआधी दुपारी ऑफिसातून फोन करून ती बायकोवर चालवून बघत. ऐन डोळा लागला की फोन वाजायचा. “हे ऐक, कसं वाटतं?” बाई “छान” म्हणायच्या आणि मग झोप जायची ती जायचीच.

रविवारी मॅडम आल्या. आयएनए मार्केटातून आणलेल्या सुरमईचं कालवण, तळलेल्या तुकड्या, सोलकढी. मॅडमनी पहिला घास घेऊन डोळे मिटले, आणि टिपणिसांनी हात जोडले.

“मॅडम, मी आजवर एकही मासा पकडलेला नाही. समुद्र पाहिलेला नाही. मला पोहता येत नाही. पायडलच्या होडीतसुद्धा मला ओकारी होते. खिचडी, शिंका, दगड, सगळ्या थापा. खरं होतं ते तुम्ही आधीच हसण्यावारी नेलंत.”

मॅडमचा घास हातातच राहिला. त्यांनी अरुणाबाईंकडे पाहिलं.

“अरुणाताई, सच सच सांगा. हे खरं असेल तर मी ऑर्डर आत्ताच कॅन्सल करते.”

टिपणिसांनी बायकोकडे असं पाहिलं, की दगडालाही पाझर फुटावा. अरुणाबाईंनी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात मॅडमच पुढे म्हणाल्या, “तुमच्या दृष्टीनं तेच बरं, म्हणा. दोन महिन्यांची सफर. आणि जहाजावरचा फोन फक्त कामासाठी. घरी फोन करायला बिल्कुल परमिशन नाही.”

अरुणाबाईंच्या हातातली कालवणाची पळी वाटीवर थांबली.

“अजिबात नाही?”

“अजिबात नाही.”

“दुपारी पण?”

“दुपारी काय, केव्हाच नाही.”

टिपणीस घाईघाईनं म्हणाले, “अगं, मी खरं बोललो ना आत्ता? सांग ना त्यांना!”

अरुणाबाईंनी पळी शांतपणे रिकामी केली, मॅडमच्या ताटात सुरमईची सगळ्यात मोठी तुकडी वाढली, पदराला हात पुसले, आणि इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच नवऱ्याकडे बोट दाखवून खणखणीत आवाजात म्हणाल्या,

“मॅडम, साफ खोटं बोलतायत हे!”