उस्मानचाचाचं रान

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली, जेवण झालं, की उस्मानचाचा रान फिरायला निघतो. रान रायगड जिल्ह्यात, रोह्याच्या पलीकडे डोंगराला लागून. उस्मानचाचा सौदी अरेबियात, यान्बूला, आमच्या फ्लॅटच्या बोळात. तिकडे त्याचा धाकटा भाऊ शब्बीर व्हिडिओ कॉल लावून मोबाइल धरून चालतो आणि इकडे चाचा मोबाइल धरून चालतो. शब्बीर म्हणाला, "भाय, व्हाळ आला," की चाचा पायजमा घोट्याच्या वर घेतो. करवंदीची जाळी आली की मान वाकवतो. एकदा शब्बीर नुसतं "साप" म्हणाला, तर चाचा आमच्या चपलांच्या कपाटावर चढला होता.

मी नवीनच आलो होतो. इथल्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून. पहिल्याच शुक्रवारी हा प्रकार पाहून विचारलं, "चाचा, शोधताय काय?"

"भेकरा."

"कशाला?"

"शिकारीला."

आता मी कोण ते सांगायला हवं. कॉलेजात असताना मी साताऱ्याच्या आसपासच्या प्रत्येक आठवडी बाजारात शिकारबंदीची पत्रकं वाटलेली आहेत. भिंतींवर चिकटवलेली आहेत. एका गावच्या सरपंचाकडून त्याबद्दल मारही खाल्ला आहे. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं, शेळीएवढं, भित्रं हरीण. त्याला मारणं गुन्हा आहे, त्यासाठी तुरुंग आहे, हे मी चाचाला उभ्याउभ्या सुनावलं. चाचानं खुब्जचा, इथल्या रोटीचा, तुकडा चहात बुडवला, नीट भिजू दिला आणि म्हणाला, "पयला भेकर तरी येव दे. तुरुंगाचा मग बगू."

त्या दिवसापासून माझं नाव पत्रकवाले. "पत्रकवाले, मीठ द्या." "पत्रकवाले, गिझर बंद करा."

चाचाची नोकरी चष्म्याच्या दुकानात. दुकान अबू फहद नावाच्या म्हाताऱ्या सौदीचं, तोच त्याचा कफील, म्हणजे व्हिसा देणारा आणि ज्याच्या सहीशिवाय देश सोडता येत नाही असा मालक. इतकी वर्षं चष्मे विकून चाचाला एक खोड लागली होती. कोणीही भेटला की आधी त्याचा नंबर काढायचा आणि मग तो शिकारीला किती लायक ते ठरवायचं. आमच्या घरमालकाबद्दल तो म्हणाला, "मायनस चार हाय. ह्याच्या हातात बंदूक दिली तर भेकर सुटंल, हाकारेवाला मरंल." माझ्याकडे चष्मा नाही. ते पाहून तो हळहळला. "नजर कसली झ्याक दिली अल्लानं, आणि पत्रकं वाचून फुकट घालवतो."

बाकीचे कोकणी लोक सुट्टीवर जाताना अत्तर, ब्लँकेट, दुधाची पावडर नेतात. चाचा मीठ न्यायचा. उंटांसाठी इथे मिठाच्या विटा मिळतात, चाटायच्या. तसल्या विटा टॉवेलात गुंडाळून तो विमानानं मुंबईला न्यायचा. एकदा कस्टमवाल्यानं वीट बाहेर काढून हुंगली आणि शेवटी चाटून पाहिली. घरी जुबेदाचाचीनं कपाळाला हात लावला. पेणपर्यंत मिठागरं पसरलेली, आणि नवरा सौदीहून मीठ घेऊन आलेला.

"त्या मिठात नुसता मीठ असतो," चाचा मला समजावायचा. "ह्याच्यात शिंगाला लागणारा माल हाय."

ते मीठ पहिली दोन वर्षं शेजाऱ्यांच्या बकऱ्यांनी चाटलं. चांगल्या पुष्ट झाल्या म्हणे.

पण रान त्यानं मनापासून घडवलं, हे मला मान्य करावं लागेल. व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, दगड आणि मातीच्या गोणी लावून बांध घातला, म्हणजे उन्हाळ्यातही डबकं राहावं. रानमोडीचं तण मुळासकट उपटायला लावलं. आवळा, बेहडा, उंबर, भोकर लावले, कारण खाली पडलेलं फळ भेकरांना आवडतं. वणवा लावायला सक्त बंदी. गवत कापायचं तर पट्ट्यापट्ट्यानं, म्हणजे एका बाजूला कोवळं चरायला आणि दुसऱ्या बाजूला उंच लपायला. हे सगळं बोळातून. शब्बीर जाडा माणूस, त्याचं चिकनचं दुकान आहे, त्याला दहा पावलांत धाप लागते.

"भाय, काटं लागतायत."

"लागू देत. डावीकडं घे. उंबर दाखव."

"उंबर काल होता तसाच हाय."

"तुला काय कळतंय? फोन खाली कर. पानं कोणी खाल्लीत काय बग."

"मीच खाल्ली असतील, भाय. सकाळपासून उपाशी हाय."

चाचाचं घराणं शिकाऱ्यांचं. आजोबांच्या बंदुकीचं नाव पंचक्रोशीत होतं. त्या घरात एक जुना रिवाज आहे. पारधीला सगळी भावकी जमली, कुत्री आली, हाकारेवाले आले, तरी घरातला सगळ्यात थोरला पुरुष रानाच्या कडेला स्वतः उभा राहून "निघा" म्हणत नाही तोवर कोणी हलायचं नाही. शब्द त्याचा. तो आजारी असेल तर पारध नाही. तो परगावी असेल तर पारध नाही. हल्ली थोरला म्हणजे उस्मानचाचा. शब्बीरनं एकदा सुचवून पाहिलं, "भाय, व्हिडिओवर दे ना शब्द. आता जमाना तसा हाय." चाचा म्हणाला, "शब्द देणाऱ्याचे पाय रानात पायजेत."

जमीन सगळ्या भावांची सामायिक. काही वर्षांपूर्वी भाऊ म्हणत होते की झाडं तोडू, लाकूड विकू, काजू लावू. चाचानं त्यांना थोपवलं ते शिकारीच्या नावावर. झाडाला हात लावू नका, मजुरी मी इथून पाठवतो, आणि मी कायमचा घरी आलो की अशी पारध करू की आजोबा कबरीत कूस बदलतील. भाऊ कबूल झाले. माझं म्हणणं तेव्हाही होतं आणि आजही आहे की असल्या आश्वासनावर जंगल वाचवणं म्हणजे कापायला बोकड पोसणं. हे मी चाचाला दर आठवड्याला सांगायचो. तो म्हणायचा, "पत्रकवाले, बोकड तर बोकड. पोसला तर जातोय."

मग एका शुक्रवारी शब्बीर धापा टाकत ओरडला, "भाय, लेंड्या." चाचानं मोबाइल डोळ्यांना लावला. लेंड्या भेकराच्याच होत्या. पुढच्या महिन्यात डबक्याकाठी खुरांचे ठसे दिसले. आणि एका संध्याकाळी जुबेदाचाचीनं फोन केला, तो तसाच मागच्या दारातून बाहेर धरला, आणि आमच्या बोळात भेकर भुंकलं. घसा बसलेल्या कुत्र्यासारखा आवाज. मग पुन्हा. मला वाटलं चाचा आता मिठाई आणेल, सगळ्या बिल्डिंगला वाटेल. तो शर्ट इस्त्री करायला बसला आणि एकच बाही कितीतरी वेळ दाबत राहिला.

तेव्हा सौदीकरण जोरात होतं. आज ह्या प्रकारची दुकानं सौदींसाठी राखीव, उद्या त्या. फिरत फिरत पाळी चष्म्याच्या दुकानांवर आली. अबू फहदनं एक तरुण सौदी पोरगा आणून उभा केला आणि चाचाला सांगितलं, ह्याला शिकव. चाचानं त्याला फ्रेम वाकवायला, काच घासायला, गिऱ्हाइकाशी गोड बोलायला, सगळं शिकवलं. मी रागानं पेटलो. आयुष्य इथं घालवलेल्या माणसानं आपल्या हातानं आपली जागा भरून द्यायची? मी रात्रपाळी करून येऊन पत्रकाचा मसुदा लिहिला आणि चाचाला वाचून दाखवला.

चाचानं शेवटपर्यंत ऐकलं. "झ्याक लिवलंय. पण त्या पोराचा गुन्हा काय? त्याला त्याच्या गावात काम नको मिळायला?"

"प्रश्न तो नाही, चाचा."

"आमच्याकडं कारखाना आला तवा आम्ही काय बोललो? स्थानिकांना घ्या. मोर्चा काढला. मी पण होतो. पत्रकं तुमच्यासारख्यांनीच छापली होती."

याचं उत्तर आहे. मी ते अजून शोधतोय.

मसुदा मी फाडला नाही, पण पुढे पाठवलाही नाही.

अबू फहद तसा भला माणूस. त्यानं हिशेब चोख केला, तिकीट काढून देतो म्हणाला, आणि चाचाचा हात हातात घेऊन म्हणाला, पुष्कळ झालं, आता घरी जा. तिकडे शब्बीरला आनंद मावेना. बंदुकीला तेल लागलं. भातकापणी झाली की पारध ठरली. महाडहून चुलतभाऊ येणार, मुंब्र्याहून जावई येणार. "भाय, तू फक्त ये आणि निघा बोल. बाकी सगळा आम्ही बगतो."

मी चाचासमोर खुर्ची ओढली. स्पष्ट बोलायची माझी पद्धत आहे. म्हटलं, "तुम्ही तिथे पोचलात की ही जनावरं आठवडाभरात ताटात दिसतील. मी वनखात्याला कळवणार आहे."

"कळवा. माझा नाव द्या. शब्बीरचा देऊ नका, त्याची पोरं लहान हायत."

"म्हणजे तुम्ही शब्द देणार?"

"मी जातोय कुठं?" चाचा म्हणाला. "मना काम मिळालाय. हुफूफला."

हुफूफ इथून देशाच्या दुसऱ्या टोकाला. अबू फहदच्या मेव्हण्याची तिथे खजुराची बाग. काम पाटाचं पाणी फिरवायचं, झावळ्या छाटायच्या, उन्हात. एसीत चष्मे पुसलेला, गुडघे दुखणारा हा माणूस खजुराच्या बागेत फावडं मारणार. माझा तोल गेला. म्हटलं, "राबायची एवढी हौस असेल तर घरी जाऊन राबा. बायको वाट बघतेय. इथं कोण आहे तुमचं?"

चाचानं दार लोटून घेतलं. फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच होतो, तरी लोटलं.

"मी गेलो तर शब्द द्यावा लागंल. नाय दिला तर भाऊ म्हणतील, फसवलंस, आणि झाडं कापतील. दोन्हीकडून भेकरच मरतोय. मी इथं हाय तोवर शब्द पण इथंच हाय. इथं राहायचा परवाना, इकामा, चालू हाय तोवर भेकर चालू हाय. खलास."

"मग एवढी वर्षं शिकारीला, शिकारीला का म्हणत होतात?"

"भेकर भुंकायला पायजे म्हणून रान राखा, असा बोललो असतो तर राखला असता कोणी?"

मग त्यानं सांगितलं. वडील गेले तेव्हा तो जेमतेम मिशी फुटलेला होता. थोरला म्हणून रानाच्या कडेला त्याला उभं केलं. त्यानं छाती काढून "निघा" म्हटलं. पोरगा मोठा झाला म्हणून सगळ्यांनी पाठ थोपटली. त्या दिवशी जेवढी भेकरं पडली त्यानंतर त्या रानात पुन्हा भेकर भुंकलं नाही. आईनं दोन-तीन वेळा विचारलं, हल्ली आवाज येत नाय रे. मग विचारायची थांबली.

हे सांगून होतंय तोवर जुबेदाचाचीचा फोन आला. चाचानं स्पीकर चालू ठेवला. तिनं आधी माझ्या जेवणाची चौकशी केली, माझ्या आईची तब्येत विचारली. मग नवऱ्याला म्हणाली, "हुफूफला थंडी जास्त असते म्हणतात. ती जाडी बंडी घेतली काय?"

"घेतली."

"भेकरीचं पोर दिसला काल. डबक्यावर. ह्या साली येव नका."

"नाय येत."

"पुढल्या सालचा पुढं बगू," ती म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

शब्बीरला मात्र कारण सांगायला हवं होतं. ते चाचानं आधीच योजलं होतं. कफील सोडत नाय. आखातातल्या माणसाच्या घरी या कारणाला कोणी उलटा प्रश्न विचारत नाही. शब्बीरनं मला फोन करून तासभर कफिलाला शिव्या घातल्या. "तुम्ही लिवणारे माणूस. लिवा ना त्या जुलमी माणसावर." मी कफिलांच्या जुलमावर आजवर पुष्कळ लिहिलं आहे, त्यातलं बहुतेक खरं आहे, आणि पुढेही लिहिणार आहे. त्या दिवशी फक्त "बघतो" म्हणालो.

चाचाला बसस्टँडवर सोडायला मी गेलो. गाडी अबू फहदची. तो जुलमी माणूस स्वतः चालवत होता. त्यानं चाचाची बॅग स्वतः उचलली, वाटेत खायला म्हणून पाव आणि चीज दिलं, बसच्या ड्रायव्हरला बजावलं की ह्याला पुढची सीट द्या, गुडघे दुखतात. मी चाचाला विचारलं, "असं किती वर्षं चालणार?"

"भेकरीला एका खेपेला एकच पोर होतो," चाचा म्हणाला. "घाई करून रान भरत नाय."

तो खिडकीशी जाऊन बसला. बस सुटायच्या बेतात होती आणि त्याचा फोन वाजला. काच उघडी होती. "नाय रे शब्बीर," तो कोकणीत सांगत होता, "कसला सोडतोय. दगड हाय दगड. मी रडलो त्याच्यासमोर." अबू फहद माझ्या शेजारी उभा राहून त्याच्याकडे बघून हसत होता.

"घरून फोन?" त्यानं मला विचारलं.

मी मान हलवली.

"मी त्याला कितीदा म्हटलं, घरी जा. तिकीट देतो म्हटलं. का जात नाही तो?"

माझी अरबी लॅबपुरती. रक्त, लघवी, उपाशीपोटी या, उद्या रिपोर्ट मिळेल. तिच्यात भेकर नाही, रान नाही, शब्द देणं नाही. जे येत होतं त्यातून जुळवून मी सांगितलं, त्याचं घरावर फार प्रेम आहे, म्हणून.

अबू फहदनं थोडा विचार केला. मग बस वळेपर्यंत हात हलवत राहिला.