उलट्या दिशेचा गुंडूमामा

मे महिन्यात अख्खी मुंबई कोकणात जाते आणि आमचा गुंडूमामा कोकणातून मुंबईला येतो. जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, येणाऱ्या गाडीत मामा तीन सीटवर आडवा होऊन झोपत येतो. कंडक्टरसुद्धा विचारतो म्हणे, "काका, चुकीच्या गाडीत नाही ना बसलात?"

"चुकीच्या कित्या? माका जत्रेक जावचा हा."

जत्रा म्हणजे आमच्या भांडुपच्या गल्लीचा उन्हाळी उत्सव. मेच्या शेवटच्या शनिवारी-रविवारी दोन्ही टोकांना बांबू लावून रस्ता बंद करतात. पियूष, गोळा, बांगड्या, घरगुती पापड-कुरडया असे स्टॉल लागतात. एका टोकाला स्टेज, त्यावर गाणी आणि बायकांची संगीतखुर्ची. गल्लीतले निम्मे लोक तेव्हा गावाला असतात, म्हणून उरलेले निम्मे जरा जास्तच मजा करतात. यात बघण्यासारखं काय आहे, हे मला कधी कळलं नाही. मामा मात्र कडक इस्त्रीचा शर्ट घालून, कानामागे अत्तर लावून, लग्नाला निघाल्यासारखा खाली उतरतो.

मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही. गावचं घर, कलमं, दोन म्हशी असं सगळं एकटाच बघतो. बाकीचे तिन्ही मामा ठाणे-बोरिवलीला. ते मेच्या सुरुवातीलाच बायकापोरांना घेऊन गावी जातात. आणि ऐन गर्दीच्या वेळी यजमान घर सोडून आमच्याकडे येतो! बाकीच्या मामांना याचा राग येतो. "पाहुणे आले की हा पळतो," थोरला मामा म्हणतो.

जत्रेत मामाचं एकच काम, प्रत्येक स्टॉलसमोर उभं राहून निकाल देणं. त्याचं पेटंट वाक्य: "ह्याचा काय खरा नाय." कोकम सरबताचा घोट घेऊन तो म्हणाला, "ह्याचा काय खरा नाय. ह्या कोकम नाय, होळीचा पाणी!" आणि दुसरा ग्लास मागितला. पापडांचं काय खरं नाही, खुर्च्यांच्या रांगेचं काय खरं नाही. कमिटीच्या पाटकरांना तर त्यानं तोंडावर सांगितलं, "पाटकरांनु, तुमच्या आवाजाचा काय खरा नाय. माईक हय द्या."

पाटकरांचा घसा खरंच बसला होता. त्यांनी दिला. तेव्हापासून दरवर्षी माईक मामाकडे. त्याच्या घोषणा ऐकायला लोक गॅलरीत येऊन बसतात. "ज्या कोणाची पांढरी गाडी गोळेवाल्याच्या तोंडावर उभी हा, त्येंनी ती काढा. तुमका गोळो नको आसात, आमका होयो!"

यंदा रविवारी संध्याकाळी संगीतखुर्ची ऐन रंगात असताना मेधा धावत स्टेजपाशी आली. मेधा आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहते. तिच्या सासूबाई, नलूआजी, हल्ली सगळं विसरतात. बांगड्यांच्या स्टॉलवर मेधानं पर्स उघडली तेवढ्यात आजींनी हात सोडवून घेतला होता. पलीकडे मेन रोड, वाहनं सुसाट. मेधाला धड बोलताही येत नव्हतं.

पाटकरांनी माईक ओढला. "एक वयस्कर बाई हरवल्या आहेत, हिरवी साडी..."

मामानं माईकवर हात ठेवला. "अहो, आपण हरवलंव ह्या तिका म्हायत आसा काय? ती त्या हरवलेल्या बाईक शोधूक जायत!" मग मेधाकडे वळून म्हणाला, "म्हायेर खयचा तिचा?"

"वेंगुर्ल्याकडचं."

"म्हायेरी काय म्हणत तिका?"

"बेबी."

"भाव होतो?"

"एक भाऊ होते. गेले ते." मेधा रडायलाच लागली.

मामानं गाणी बंद करायला लावली. घसा खाकरला. "बेबी! गो बेबी! मी इलंय. खय आसस तू?"

गर्दीत कोणी तरी हसलं. मामानं लक्ष दिलं नाही.

"घराक चल गो. आये वाट बघता. हय लायटीखाली उभो आसंय, मोठ्या लायटीखाली. ये बेबी."

असं तो बोलावत राहिला. हळूहळू सगळी गल्ली गप्प झाली. मग अगदी टोकाच्या बांबूपाशी गलका झाला, माणसं बाजूला सरकली, आणि हिरव्या साडीतल्या नलूआजी तरातरा चालत आल्या. चांगल्याच चिडल्या होत्या.

"किती आराडतंस रे? भैरी आसंय काय मी? आणि इतको उशीर?"

"गाडी चुकली गो," मामा म्हणाला.

आजींनी त्याचा दंड धरला तो रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत सोडला नाही. दोघांनी एका ग्लासातून पियूष प्यायलं. मामानं त्याचा निकाल दिला नाही.

घरी आल्यावर आईनं त्याला धरलंच. "परक्या बाईचा भाऊ होतोस आणि सख्खे भाऊ आले की पळतोस. काय रे हे गुंडू?"

दरवर्षी तो हे हसण्यावारी न्यायचा. यंदा ताटाकडे बघत बोलला.

"ताय, ते इले काय घर कसा भरता. पोरा माडीवर दणदण नाचतत. मगे एक दिवस बॅगा भरतत आणि जातत. मी खळ्यात उभो रवान हात हलवतंय. वळणावर गाडी दिसेनाशी झाली तरी हलवतंय. रिकाम्या घरात मी बारा म्हयने रवूक शकतंय गो. रिकामा होताना बघूक नाय जमणा. म्हणान आधी मीच निघतंय."

आईनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

सोमवारी सकाळी मामा पिशवी घेऊन निघाला. निरोप घ्यायला दुसऱ्या मजल्यावर थांबला, मीही सोबत होते. नलूआजी दारात आल्या. पिशवीकडे बघितलं.

"चललंस?" त्यांनी विचारलं आणि निरोपाचा हात वर केला. तो हलवायला त्यांना जमेना, नुसता वरच राहिला.

मामा त्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाय गो. पिशी खय ठेवू, ता विचारूक इलंय."

खाली आल्यावर त्यानं मला सीट रद्द करायला सांगितली आणि थोरल्या मामाला फोन करून कळवलं, मी इतक्यात येत नाही, तुम्ही घर बंद करून निघा, म्हशी शेजारी सांभाळेल.

"पण राहणार कधीपर्यंत?" मी विचारलं.

"ती माका इसरेपर्यंत."

मग रोज सकाळी मामा कडक इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या मजल्यावर. पुढच्या आठवड्यात एके दिवशी आजींनी दार उघडलं, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कोण तुमी?"

मेधा मागून घाईघाईनं पुढे आली. मामानं तिला खुणेनं थांबवलं.

"शेजारी रवतंय," तो म्हणाला. "चाय मेळात काय?"

आजींनी क्षणभर विचार केला, मग दार पूर्ण उघडलं. मामा चपला काढून आत गेला.